लाखो अंडी घालणारा मासा संपतो कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरचा ट्रॉलर आहे, वडील नाखवा आहेत. मासा एका वेळी लाखो अंडी घालतो, पावसाळ्यात दोन महिने बंदी पाळली जाते, आणि तुमच्या हिशेबाने गेल्या वीस वर्षांत एकूण आवक फारशी घटलेली नाही. मग ‘समुद्र रिकामा होतोय’ ही ओरड कशाच्या आधारावर? डोलवाले (एका जागी बांधलेलं जाळं), ट्रॉलरवाले (तळावरून ओढायचं जाळं) आणि पर्ससीनवाले (थव्याला घेर टाकायचं जाळं) एकमेकांकडे बोट दाखवतात, त्यात खरं कोण? आणि शेवटचा, माझ्या मते तुमचा खरा प्रश्न: वडील कर्ज काढून दुसरी नौका घ्यायचं म्हणतायत, घ्यावी का?

माझं आयुष्य मत्स्यसाठ्यांची मोजदाद करण्यात गेलं, बराचसा वेळ धक्क्यावर पाट्यांपुढे उकिडवं बसून मासे मोजण्यात. त्यामुळे उत्तर लांबेल. कर्जाचा विषय शेवटी घेतो, कारण त्याचं उत्तर बाकीच्या गोष्टींवर अवलंबून आहे.

आधी अंडी. साठा आहे तेवढाच टिकायचा असेल, तर एका मादीने जन्मभरात घातलेल्या सगळ्या अंड्यांतून सरासरी दोनच मासे मोठे होऊन स्वतः अंडी घालण्यापर्यंत पोहोचायला लागतात. मादीने दहा लाख अंडी घातली, तर उरलेली नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याण्णव वाटेतच जातात, आणि त्यातली बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत, आपलं जाळं त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी. प्रवाहाने भलतीकडे नेलं, वेळेवर बारीक प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खायला मिळालं नाही, दुसऱ्या माशाने गिळलं. एवढी अंडी घालावी लागतात, कारण एवढी मरतात. दहा लाखांत दोनाऐवजी चार वाचले तर पुढच्या हंगामात बंदरावर पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि एकच वाचला तर तोच मासा शोधत फिरावं लागतं. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, आधी ओळखताही येत नाही.

नॉर्वेचे योहान यॉर्ट यांनी १९१४ साली हे पहिल्यांदा नीट मांडलं. हेरिंग माशाच्या खवल्यांवरची वर्षांची वलयं मोजताना त्यांना दिसलं की वर्षानुवर्षं जाळ्यात येणाऱ्या माशांत १९०४ साली जन्मलेल्यांचाच भरणा आहे. पुढेमागे जन्मलेल्या पिढ्या जवळजवळ नावापुरत्या. एका चांगल्या वर्षावर सगळा धंदा कितीतरी वर्षं चालला होता. म्हणून मोठ्या, वयस्क माद्या पाण्यात शिल्लक असणं महत्त्वाचं. त्या लहान माद्यांपेक्षा वजनाच्या मानाने जास्त अंडी घालतात, आणि मधली चार-पाच वर्षं वाईट गेली तरी चांगलं वर्ष येईपर्यंत त्या जिवंत असतात. आपण सगळे मोठे मासे काढून घेतले की साठा दर वर्षीच्या नशिबावर चालायला लागतो.

तारली घ्या. तिचं आयुष्य अडीच-तीन वर्षांचं, वर्षभरात ती वयात येते. केरळात २०१२ मध्ये जवळजवळ चार लाख टन तारली उतरली, आणि २०२१ मध्ये फक्त ३,२९७ टन. आकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आहेत. मधल्या काळात समुद्र तापला, २०१५ चा एल निनो येऊन गेला, आणि बोटभर पिल्लं जाळ्यात येत राहिली. नेमकं कोणतं कारण किती, यावर आमच्यात आजही वाद होतात. यांत्रिक नौका नव्हत्या त्या काळात, १९४० च्या दशकातही मलबार किनाऱ्यावरून तारली वर्षानुवर्षं गायब झाली होती, त्यामुळे सगळं पाप नौकांच्या माथी मारणं मला पटत नाही. पण निसर्गाचं वाईट वर्ष आपल्या हातात नाही, आणि त्या वर्षी आपण किती काढतो ते आहे. पेरूच्या अँचोव्हीचं हेच झालं. १९७० मध्ये एक कोटी वीस लाख टनांच्या वर मासा काढला, १९७२ मध्ये एल निनो आला, तरी बोटी जात राहिल्या, आणि १९७३ मध्ये वीस लाख टनही हाती लागले नाहीत.

आता याच्या अगदी उलट टोकाचा मासा, शिंगाळा. याची मादी लाखांत अंडी घालतच नाही. मोजकी घालते, एकेक अंडं सेंटीमीटरभर व्यासाचं, आणि नर ती तोंडात धरून उबवतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो काही खात नाही. धक्क्यावर असा नर उचलून त्याचा जबडा उघडलात तर पिवळसर अंड्यांचा ढीग हातात पडतो. मुद्दाम एकदा बघा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन आली, आणि ऐंशीच्या दशकात तिने शिंगाळ्याचे थवेच्या थवे घेरले. त्यात तोंडात अंडी असलेले नर ढिगांनी येत होते. मासा बापासकट आणि पिल्लांसकट गेला. दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावरचा शिंगाळ्याचा धंदा त्यानंतर काही वर्षांतच बसला आणि पूर्वीसारखा परत उभा राहिला नाही. मुशीचंही, म्हणजे शार्कचंही असंच आहे. ती मोजकी पिल्लं देते आणि वयात यायला तिला वर्षं लागतात. तेव्हा ‘मासा लाखो अंडी घालतो’ हे वाक्य कोणत्या माशाबद्दल आहे ते आधी विचारायचं. जे जाळं बोंबलाला सोसतं ते मुशीला सोसेलच असं नाही, आणि आपल्या समुद्रात दोघंही एकाच जाळ्यात येतात.

आता तुमचा आवकेचा मुद्दा. यासाठी थोडं गणित करावं लागेल, बेरीज-वजाबाकीपुरतंच.

एका खाडीपुढच्या पाण्यात एका जातीचा जास्तीत जास्त १,००० टन साठा मावतो असं धरा. साठा पूर्ण भरलेला असताना त्यात वाढ शून्य असते. जेवढे जन्मतात तेवढे मरतात, कारण खाणं आणि जागा अपुरी पडते. साठा अगदी थोडा असताना खाणं मुबलक असतं, पण आईबापच थोडे. म्हणून वर्षाची वाढ सगळ्यात जास्त होते ती मधे कुठेतरी. बेल्जियमचे व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये हा हिशेब लोकसंख्येसाठी मांडला, आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या मिल्नर शेफर यांनी तो मासेमारीला लावला. भरपूर मोकळीक असताना साठा वर्षाला निम्म्याने वाढतो असं धरलं, तर ५०० टनांवर निम्मीच मोकळीक उरते, म्हणून वाढीचा वेगही निम्मा, आणि वर्षाची वाढ १२५ टन येते. तेवढीच दर वर्षी काढली तर साठा ५०० वरच राहतो.

आता दोन गोष्टी पाहा. साठा ९०० टन असताना वाढ येते ४५ टन. आणि साठा १०० टन असतानाही वाढ येते बरोबर ४५ टनच. म्हणजे एका बंदरावर दर वर्षी न चुकता ४५ टन मासा उतरतोय, एवढ्यावरून मागचा समुद्र भरलेला आहे की खरवडलेला, हे सांगताच येत नाही. सांगता येतं ते एकाच गोष्टीवरून: ते ४५ टन काढायला किती कष्ट पडले. १०० टनांच्या विरळ साठ्यातून तेवढाच मासा काढायचा तर ढोबळ हिशेबाने नऊपट जाळं ओढावं लागतं.

दुसरी गोष्ट मला जास्त भयंकर वाटते. भरलेल्या १,००० टनांच्या साठ्यातून दर वर्षी १५० टन काढायला सुरुवात करा. १२५ च्या मर्यादेपेक्षा जेमतेम २५ टन जास्त. कागदावर वर्ष वर्ष पुढे न्या. नऊ वर्षांनी साठा ५०७ टनांवर येतो. पंधराव्या वर्षअखेर ३४१ उरतात. या सगळ्या काळात बंदराच्या वहीत दर वर्षी १५० टनच नोंदले जातात, कोणाला काही जाणवत नाही. सतराव्या वर्षी साठा २५९, अठराव्या वर्षी २०५, एकोणिसाव्या वर्षी १३७, विसाव्या वर्षी ४६. एकविसाव्या वर्षी वाढ धरूनही १५० टन भरत नाहीत, साठा संपतो. वीस वर्षं आवक सरळ रेषेत आणि एकविसाव्या वर्षी साठा शून्य. खरा समुद्र इतका सरळ वागत नाही, तिथे मासा विरळ झाला की काही नौका आपोआप दुसरीकडे वळतात. पण ‘वीस वर्षांत आवक घटली नाही’ हे वाक्य माझ्या कानाला का टोचतं, ते यावरून कळेल.

हे कागदावरचंच आहे असं वाटत असेल तर कॅनडाचं न्यूफाउंडलंड पाहा. तिथला कॉड मासा १९६८ मध्ये आठ लाख टनांच्या वर काढला गेला, बहुतेक परदेशी कारखानी जहाजांनी. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द घोषित केली, परदेशी गेले, आणि मग स्वतःचे ट्रॉलर वाढवले. शास्त्रज्ञ साठ्याचा अंदाज ट्रॉलरच्या दर तासाच्या पकडीवरूनही बांधत होते, आणि ती पकड चांगली दिसत होती. कारण कॉड कमी झाला तसा तो थोड्या जागांवर दाट जमत गेला, आणि ट्रॉलर बरोबर तिथेच जात होते. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छिमार ओरडत होते की मासा लहान येतोय आणि कमी येतोय. त्यांचं फारसं कोणी ऐकलं नाही. २ जुलै १९९२ ला मासेमारी बंद करावी लागली, सुमारे तीस हजार लोकांचं काम एका दिवसात गेलं. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून घातली होती. ती अधिकृतपणे उठली २०२४ मध्ये, आणि तीही मर्यादित मासेमारीपुरती.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल साहेब फक्त वाईट उदाहरणं देतात. आवक घटली म्हणजे साठा घटलाच असंही नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये २.९५ लाख टन मासळी उतरली आणि २०१९ मध्ये २.०१ लाख टन, पंचेचाळीस वर्षांतली सगळ्यात कमी. वर्तमानपत्रांनी ‘दुष्काळ’ म्हणून मथळे दिले. पण त्या वर्षी क्यार आणि महा अशी वादळं अरबी समुद्रात आली, नौका आठवडेच्या आठवडे बंदरात अडकल्या. न गेलेल्या नौकेची आवक शून्यच असणार. आवक म्हणजे साठा गुणिले मेहनत. मेहनत लिहून ठेवली नाही तर नुसत्या आवकेवरून दोन्ही बाजूंना हवं ते सिद्ध करता येतं, आणि करतातही.

तुमच्या आवकेत आणखी एक गोष्ट लपलेली असेल. एकूण किलो तेवढेच असतील, पण त्यातले मासे तेच आहेत का? पूर्वी पाट्यांमध्ये घोळ, रावस, मोठा हलवा, वाम असायचे. आता राणी मासा, वाकटी, माकुल आणि कुटीत, म्हणजे मासळीच्या भुकटीसाठी जाणारा बारीक माल. कुटीचा भाव किलोला काय पडतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. टनांच्या बेरजेत एक टन घोळ आणि एक टन कुटी सारखेच दिसतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरब्याच्या एका नौकेला दीडशेहून जास्त घोळ एका फेरीत मिळाले आणि भोतामुळे (पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे) त्यांची किंमत कोटीच्या वर गेली, तेव्हा देशभर बातमी झाली. पूर्वी घोळीचा थवा मिळणं ही बातमी नव्हती. आणि थव्याने जमणारा मासा एका घेरात जातो, हे शिंगाळ्याने दाखवलंच आहे.

मग आवकेवर विश्वास नसेल तर आम्ही बघतो काय? मुख्यतः लांबी. थंड समुद्रात माशाचं वय कानातल्या खड्यावरच्या वलयांवरून मोजतात. ढोमा साफ करताना डोक्यातून निघणारे ते पांढरे खडे, तेच. पण आपल्याकडे हिवाळा-उन्हाळ्यातला फरक थोडा, वलयं पुसट उमटतात, म्हणून पाटीतला एकेक मासा पट्टीवर ठेवून लांबी लिहायची आणि महिन्यामहिन्याला ते ढीग कसे सरकतात ते बघायचं. सोबत पोट फाडून गाभोळी आहे का, असेल तर किती पिकलेली, तेही लिहायचं. एखाद्या जातीतले निम्मे मासे ज्या लांबीला पहिल्यांदा वयात येतात, ती लांबी एकदा कळली की बाकीचा हिशेब सरळ होतो. पाटीतले बहुतेक मासे त्या लांबीच्या वर असतील तर साठ्याला निदान एकदा तरी अंडी घालायला मिळतायत. बहुतेक त्याखाली असतील तर आपण उद्याचा मासा आजच उचलतोय. या एका आकड्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. तो धक्क्यावर कोणालाही काढता येतो.

पापलेटचंच उदाहरण. आपण २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केला, त्याच वर्षी गुजरातने घोळीला केला. पन्नास ग्रॅमची हजार पिल्लं आज जाळ्यात आली तर पन्नास किलो माल. तीच पाण्यात राहिली, त्यातली सहाशे नैसर्गिक कारणांनी मेली आणि चारशेच तीनशे ग्रॅमची झाली असं धरा, तरी एकशे वीस किलो. वर तीनशे ग्रॅमच्या पापलेटचा किलोचा भाव पिल्लांच्या भावाच्या कितीतरी पट. साठ्याचा विचार बाजूला ठेवला, निव्वळ धंदा म्हणून पाहिलं तरी हा तोटा आहे. पण तो तोटा पकडणाऱ्याला दिसत नाही, कारण त्याने सोडलेलं पिल्लू पुढे मोठं होऊन त्यालाच मिळेल याची खात्री नाही. ते शेजारच्या बंदराला मिळेल. सगळी गाठ इथेच आहे, आणि ती एकट्या माणसाच्या शहाणपणाने सुटणारी नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये चौपन्न जातींसाठी किमान लांबी ठरवली. केरळ आणि कर्नाटकाने ते आधीच केलं होतं. चांगली गोष्ट आहे, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. खोला, म्हणजे जाळ्याचं मासा साठणारं शेपूट, डेकवर रिकामा होतो तेव्हा पिल्लू मेलेलं असतं. ते परत टाकलं काय आणि विकलं काय, साठ्याला फरक पडत नाही. लांबीचा नियम खरा काम करतो तो खरेदीदारावर, पिल्लांना गिऱ्हाईक उरलं नाही तर. माशावर थेट काम करतो तो जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्यातलं भोक. ट्रॉलच्या नेहमीच्या शंकरपाळी आसाच्या खोल्यात वजन भरलं की आस ताणून मिटतो. बाहेरून मोजला तर कायद्यात बसतो, पाण्यात मात्र हाताचं बोट जायलाही जागा नसते. चौकोनी आसाचा खोला ओढतानाही उघडा राहतो, पिल्लं निसटतात. थोडा विक्रीचा मालही निसटतो, हे खरं आहे, आणि पहिल्या हंगामात खलाशी शिव्या घालतात हेही खरं आहे.

डोलीचं दुखणं वेगळं. डोल एका जागी बांधलेली, भरती-ओहोटीच्या ओढीवर तोंड उघडून उभी. इंधन जवळजवळ लागत नाही, तळ खरवडत नाही, त्या अर्थाने मी तिला ट्रॉलपेक्षा चांगलं म्हणतो. पण तिला जवळा, करदी, मांदेली पकडायची तर खोल्याचा आस बारीकच लागतो. जवळा मोठा होतच नाही, त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि त्याच पाण्यात, त्याच ओढीबरोबर पापलेटची आणि बोंबलाची पिल्लं वाहत येतात. इथे आसाचा सरसकट नियम लावला तर जवळ्याचा धंदा मरतो, नाही लावला तर पापलेट. मला यावर एकच मार्ग दिसतो: पिल्लं जास्त येणारे आठवडे आणि जागा गावाने स्वतः नोंदवायच्या आणि तेवढ्यापुरत्या त्या जागच्या डोली उचलायच्या. मुंबईत बसून काढलेल्या परिपत्रकाने हे होणार नाही. वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना पिल्लांचा आठवडा कोणता ते तंतोतंत माहीत असतं. त्यांना कोणी विचारत नाही.

पावसाळी बंदीबद्दल थोडं बोलतो, तिच्यावर आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त भक्ती आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस. वर्षाचा सहावा हिस्सा. पण त्या दिवसांत समुद्र असाही खवळलेला, आपले पूर्वज नारळी पौर्णिमेपर्यंत नौका ओढून ठेवतच होते. म्हणजे खरी वाचलेली मेहनत सहाव्या हिश्श्यापेक्षा कमीच. बरं, आपल्या उष्ण समुद्रात सगळ्या जाती एकाच महिन्यात अंडी घालत नाहीत. जी जून-जुलैत घालते तिला फायदा, बाकीच्यांना फक्त विश्रांती. आणि बंदीत जगलेली पिल्लं ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्या नौका एकदम सुटल्या की बारीक खोल्यात सापडतात, मग दोन महिन्यांची पुंजी दोन आठवड्यांत उडते. बंदी हवीच, तिने जीवही वाचतात. पण बंदी पाळली म्हणजे कर्तव्य संपलं असं समजू नका.

‘कोण खरं’ याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तिघंही दुसऱ्याबद्दल बोलतात तेव्हा खरं बोलतात. पर्ससीन तारली, बांगड्याचा थवाच्या थवा उचलते, आणि थव्याने राहणारा मासा अर्धा झाला तरी घेराला भरपूरच मिळतो, त्यामुळे धोका पर्ससीनवाल्याला सगळ्यात शेवटी कळतो. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. एलईडी दिव्यांवर मासा गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. रात्री किनाऱ्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघितलं की ती किती पाळली जाते ते कळतं. ट्रॉल तळ ढवळते आणि कुटीचा मोठा वाटा तिचा. डोलीत पिल्लं. भांडण जाळ्यांच्या जातीवर चालतं आणि एकूण किती जाळी पाण्यात असावीत हा प्रश्न बाजूला राहतो, तो कोणालाच नको असतो.

नियम चालतात का? चालतात, जिथे तोच माणूस आज सोडून उद्या पकडू शकतो. केरळात कोल्लमच्या अष्टमुडी खाडीत तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) बेसुमार उपसा झाल्यावर बीजोत्पादनाच्या काळात बंदी, जाळ्याच्या आसाची मर्यादा आणि बारीक मालाच्या निर्यातीवर आळा आला. खाडीतली शिंपली कुठे पळत नाही, गावही तेच, आज राखलेली उद्या त्यांनाच मिळते. २०१४ मध्ये त्या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं (एमएससी) शाश्वततेचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. नॉर्वेच्या हेरिंगचा धंदा साठच्या दशकाच्या अखेरीस बुडाला होता, कडक बंदीनंतर तो परत यायला दोन दशकं लागली, पण आला. युरोपात दोन्ही महायुद्धांत उत्तर समुद्रातली मासेमारी सक्तीने थांबली आणि युद्धानंतर जाळ्यात मोठे, भरपूर मासे आले, हेही नोंदलेलं आहे. मासा माफ करतो, त्याला वेळ दिला तर. शिंगाळ्याने आणि कॉडने मात्र फार वेळ मागितला.

आता दुसरी नौका. शेफर यांनी जीवशास्त्राचं गणित मांडलं त्याच १९५४ साली कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी धंद्याचं मांडलं. समुद्र सगळ्यांना खुला असेल तर नफा दिसतोय तोवर नवी नौका येत राहते, आणि सगळ्यांचा मिळून नफा शून्याला टेकला की थांबते. तोवर साठा फायद्याच्या पातळीच्या बराच खाली गेलेला असतो. त्यात कोणी मूर्ख नसतं, प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर असतो. डिझेलवर सवलत मिळाली की तो शून्याचा टप्पा आणखी पुढे ढकलला जातो आणि साठा आणखी खाली.

तुमच्या घरी सोसायटीच्या विक्रीच्या जुन्या पावत्या आणि डिझेलची बिलं असतील. नाखव्यांच्या घरी असतातच, पत्र्याच्या पेटीत. दहा वर्षांपूर्वीचा एक हंगाम आणि गेला हंगाम घ्या. दर शंभर लिटर डिझेलमागे किती किलो मासळी आली आणि किती रुपये आले, ते काढा. रुपये दिशाभूल करतील, कारण भाव वाढलेत, म्हणून किलो वेगळे लिहा, आणि त्यातही कुटी वेगळी. मधल्या काळात इंजिन मोठं घेतलं असेल, जीपीएस, फिशफाइंडर लावला असेल तर तो फायदा मनातून वजा करा. आणि या हंगामात दर पंधरा दिवसांनी एकाच जातीची, म्हणजे बांगडा किंवा पापलेट जे तुम्हाला नेहमी मिळतं त्याची, एक पाटी न निवडता पट्टीवर मोजा, काही माशांची पोटं फाडून गाभोळी पाहा.

डिझेलमागची किलो तिसऱ्या हिश्श्याने किंवा जास्त घटली असतील आणि पाटीतले बहुतेक मासे कोवळे निघाले, तर दुसरी नौका नवा मासा आणणार नाही, पहिलीच्याच वाट्यातला घेईल, आणि हप्ता दोघींच्या मिळून येणाऱ्या पैशातून जाईल. आकडे टिकून असतील तर विचार करायला हरकत नाही, तरी आधी शेजारच्या बंदरांत या वर्षी किती नव्या नौकांची नोंदणी झाली ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात विचारा, कारण तुमच्यासारखाच हिशेब तेही करत असतात. मला विचाराल तर यातल्या अर्ध्या पैशात आहे त्याच नौकेचा खण (मासा ठेवायची जागा) नीट करून घ्या, बर्फ दुप्पट न्या आणि खोला चौकोनी आसाचा बसवा. बर्फ कमी पडल्याने फेरीच्या शेवटी चांगल्या मालाचा भाव किती उतरतो, तो हिशेबही त्या पावत्यांत सापडेल.